जास्त वजन असेल तर लेह-केदारनाथला जास्त त्रास होतो का? कैलास यात्रेच्या 'बीएमआय २५' अटीमागचं कारण

कैलास मानसरोवर यात्रेच्या अटी कधी वाचल्यात का? परराष्ट्र मंत्रालयामार्फत जाणाऱ्या या यात्रेसाठी पासपोर्ट लागतो, वय १८ ते ७० च्या दरम्यान लागतं, हे अपेक्षितच आहे. पण त्याच यादीत एक अट अशी आहे की ती वाचून भल्याभल्यांचा हात आपसूक पोटावर जातो. बीएमआय २५ किंवा त्याहून कमी हवा.

बीएमआय काढणं सोपं आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाचं वजन ७० किलोच्या थोडं पुढे गेलं की तो २५ च्या बाहेर पडला. म्हणजे आपल्याकडे ज्याला कोणी जाड म्हणणार नाही, फार तर 'खात्यापित्या घरचा' म्हणेल, असा माणूससुद्धा बाद. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या स्त्री-पुरुषांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला होता. शहरातल्या ऑफिसांमध्ये डोकी मोजली तर आकडा काय येईल, ते तुम्हीच ठरवा.

हाच माणूस लेहचं विमानाचं तिकीट काढतो तेव्हा त्याला वजन कोणी विचारत नाही. लेह ३५०० मीटरवर आहे, केदारनाथ त्याहून थोडं वर. मग कैलासला चालत नाही ते लेहला कसं चालतं? ही अट म्हणजे सरकारी कागदपत्रांची हौस आहे, की जास्त वजन आणि विरळ हवा यांचं खरंच काही वाकडं आहे?

वाकडं आहे. पण ते बहुतेकांना वाटतं त्या जागी नाही.

आधी हवेचं बघू

'वर ऑक्सिजन कमी असतो' हे वाक्य आपण सगळेच बोलतो. काटेकोर बघायचं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण गिरगाव चौपाटीवर २१ टक्के असतं आणि एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी म्हणजे हवा विरळ, आणि हवा विरळ म्हणजे त्याच मापाच्या एका श्वासात ऑक्सिजन कमी. मुंबईत एका श्वासात जेवढा ऑक्सिजन मिळतो, त्याच्या साधारण ६५ टक्के लेहमध्ये मिळतो. खारदुंग ला किंवा एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या उंचीवर जवळपास निम्मा.

शरीर यावर गप्प बसत नाही. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्या मेंदूला कळवतात आणि आपण नकळत जास्त खोल, जास्त वेगाने श्वास घ्यायला लागतो. पण जोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, त्यामुळे रक्त थोडं अल्कधर्मी होतं, आणि मग मेंदूच श्वासाला 'हळू' म्हणतो. ही ओढाताण सोडवायचं काम मूत्रपिंडं करतात. ती जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतात. लेहला पहिल्या दिवशी सारखं बाथरूमला जावं लागतं त्यात हाही भाग असतो. ते वाईट लक्षण नाही, शरीर कामाला लागल्याची खूण आहे.

पण मूत्रपिंडांच्या या कामाला दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे. तोवर जे होतं त्याला एएमएस म्हणतात, ॲक्युट माउंटन सिकनेस. पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी डोकं धरतं, मळमळतं, जेवण नकोसं होतं, गरगरतं, अंगात त्राण राहत नाही. साधारण २५०० मीटरच्या वर हा प्रकार सुरू होतो.

इथे ट्रेकर मंडळींसाठी एक वाईट बातमी. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. म्हणजे अख्ख्या राज्यात अशी एकही जागा नाही जिथे जाऊन विरळ हवेची सवय करता येईल. दर रविवारी सिंहगड केल्याने पाय आणि दम तयार होतो, आणि तो व्हायलाच हवा (मी स्वतः तिथे ताकाच्या पहिल्या टोपलीपाशीच बसते, त्यामुळे उपदेश करायचा अधिकार मला नाही). पण सिंहगडाने फुप्फुसांना लेह कळत नाही.

पठार आणि कडा

आता वजनाकडे येऊ. पहिला परिणाम सरळ आहे. २० किलो जास्त वजन म्हणजे ऑफिसात येणारा पाण्याचा २० लिटरचा जार चोवीस तास अंगावर बांधून फिरणं. त्या जारला चढावर न्यायला ऑक्सिजन लागतो, आणि बसून राहिलं तरी मोठ्या शरीराला जास्त लागतोच. मागणी जास्त, पुरवठा सगळ्यांना सारखाच कमी.

दुसरा परिणाम पोटाचा आहे, आणि तो कमी लोकांना माहीत असतो. छाती आणि पोट यांच्या मध्ये डायफ्रॅम नावाचा स्नायूचा पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो, मग फुप्फुसं फुगतात. पोटावर चरबी जास्त असेल तर या पडद्याला खाली सरकताना पोट ढकलावं लागतं. छातीच्या पिंजऱ्यावरचा थरही वजन टाकतो. त्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहायला हवी ती कमी राहते आणि फुप्फुसांच्या तळाकडच्या बारीक नळ्या मिटायला लागतात. त्या भागात रक्त जातं, पण हवा पोहोचत नाही. ते रक्त ऑक्सिजन न घेताच परत फिरतं.

मग हाच माणूस पुण्यात मजेत कसा फिरतो? त्याला दम लागतो, पण ऑक्सिमीटर लावला तर ९६-९७ दाखवतो. सगळं ठीक.

याचं उत्तर समजायला एकदा मनातल्या मनात घाटावर जाऊ. देशावरून कोकणाकडे निघालं की पठार किती तरी वेळ सपाट असतं. चार किलोमीटर पुढे जा, आठ किलोमीटर पुढे जा, उंचीत फरक पडत नाही. आणि मग एकदम कडा लागतो. तिथे दहा पावलं पुढे टाकली तर थेट दरी.

रक्तातल्या ऑक्सिजनचं अगदी असंच आहे. समुद्रसपाटीजवळ आपण सगळे पठारावर असतो. फुप्फुसांत ऑक्सिजनचा दाब थोडा कमी-जास्त झाला तरी रक्त भरलेलंच राहतं. जास्त वजनाचा माणूस पठारावर कड्याच्या बाजूला थोडा सरकलेला असतो, पण पठार सपाट असल्यामुळे त्याला आणि ऑक्सिमीटरला ते जाणवत नाही. लेहला गेल्यावर मात्र सगळेच कड्यापाशी येऊन उभे राहतात. आता ती चार पावलं मोजली जातात. बारीक माणूस जिथे ९० वर टिकतो तिथे पोटाचा घेर असलेला माणूस घसरून खाली जाऊ शकतो. फुप्फुसांची जी कमतरता घरी फुकट लपत होती, ती इथे उघडी पडते.

दिवसा ठीक, रात्री घोटाळा

२००३ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. ९ लठ्ठ आणि १० लठ्ठ नसलेल्या पुरुषांना कमी दाबाच्या बंद खोलीत २४ तास ठेवलं. खोलीतला दाब ३६५८ मीटर उंचीवर असतो तेवढा, म्हणजे जवळपास लेहचाच. चढ नाही, थंडी नाही, ओझं नाही. नुसती विरळ हवा.

२४ तासांनी लठ्ठ गटातल्या ९ पैकी ७ जणांचा एएमएसचा स्कोअर ४ किंवा त्याहून जास्त होता. दुसऱ्या गटात १० पैकी ४ जणांचा. टक्क्यांत ७८ विरुद्ध ४०. माणसं फक्त १९ होती, त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ समजू नका. पण त्यातला कामाचा धागा वेगळाच आहे. लठ्ठ गटाचा ऑक्सिजन झोपेत जास्त खाली जात होता, आणि त्रासाचा संबंध त्या रात्रीच्या घसरणीशी लागत होता.

रात्रीच का? आडवं झालं की पोट डायफ्रॅमला वर ढकलतं, फुप्फुसांची जागा आणखी कमी होते. गळ्याभोवती चरबी असेल तर झोपेत सैल पडलेली श्वासनलिका अरुंद होते, म्हणजेच घोरणं. काहींची ती अधूनमधून पूर्ण बंदच होते आणि काही सेकंद श्वास थांबतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. जास्त वजनाच्या लोकांमध्ये तो बराच आढळतो आणि बहुतेकांना आपल्याला तो आहे हे माहीत नसतं, माहीत असतं ते त्यांच्या बायकोला किंवा नवऱ्याला.

यात उंचीची स्वतःची एक खोड आहे. तिथे धडधाकट माणसाचाही श्वास झोपेत हेलकावे खातो. काही खोल श्वास, मग काही सेकंद शांतता, मग दचकून पुन्हा खोल श्वास. म्हणजे आधीच घोरणाऱ्या माणसाच्या रात्रीत आणखी एक खोडा.

म्हणून दिवसभर लेहच्या मार्केटमध्ये फिरलेला, शांती स्तूपावर फोटो काढलेला माणूस सकाळी डोकं धरून उठतो आणि म्हणतो, 'काल तर काहीच झालं नव्हतं.' झालं ते रात्री झालं.

मग बारीक असलेले सुटले का?

अजिबात नाही. कोणाला एएमएस होणार याचा अंदाज बांधताना डॉक्टर सगळ्यात आधी तीन गोष्टी विचारतात. पूर्वी कधी झाला होता का? पहिली रात्र किती उंचीवर काढणार? आणि किती वेगाने चढणार? वजन त्यानंतर येतं. मॅरेथॉन धावणारा, सिक्स पॅकवाला मुलगाही दुसऱ्या दिवशी उलट्या करत बसू शकतो. उलट फिट मंडळींना वेगाने चढता येतं म्हणूनच ती जास्त फसतात.

वजनाबद्दलचे अभ्यासही एका सुरात बोलत नाहीत. ट्रेकरवर झालेल्या काही पाहण्यांमध्ये बीएमआय आणि त्रास यांचा संबंध दिसला नाही. दुसरीकडे चीनने गोलमुद ते ल्हासा रेल्वे बांधली, जी तांगुला खिंडीत ५०७२ मीटरवर जाते आणि २००६ मध्ये सुरू झाली, तिच्या कामगारांच्या अभ्यासात लठ्ठ कामगारांना एएमएसचा धोका जास्त आढळला. मला यातून दिसतं ते असं: कैलासची २५ ची अट शास्त्रातली रेषा नाही, जिथे डॉक्टर आणि रस्ता दोन्ही दूर असतात अशा प्रवासासाठी घेतलेली ती जास्तीची खबरदारी आहे. २६ बीएमआय असलेल्या माणसाने लेह रद्द करायची गरज नाही. ३२ असेल, पोट सुटलेलं असेल आणि घोरणं शेजारच्या खोलीत जात असेल, तर मात्र हा लेख तुमच्यासाठीच आहे.

जवानाला सहा दिवस, आपल्याला एक रात्र

घाईचा विषय निघालाच आहे तर भारतीय सैन्याकडे बघायला हवं. १९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानी भागातले हजारो जवान थेट हिमालयाच्या उंचीवर गेले आणि त्यांच्यापैकी अनेक जण आजारी पडले. लष्करी डॉक्टरांनी अशा १९२५ जवानांच्या नोंदींवर लिहिलेला लेख १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. उंचीवरच्या आजारांवरच्या अभ्यासात तो आजही महत्त्वाचा मानतात.

आज सैन्याचा शिरस्ता असा आहे. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस. त्यातले पहिले दोन दिवस जवळजवळ पूर्ण विश्रांती, नंतर हळूहळू चालणं आणि शेवटी थोडी चढण. १२ ते १५ हजार फुटांसाठी आणखी चार दिवस. त्याच्या वर जायचं तर आणखी चार.

आता कुठलंही पाच रात्री-सहा दिवसांचं लडाख पॅकेज काढा. पहिला दिवस लेह. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा. मग पँगाँग, साधारण ४३०० मीटर, आणि तिथे टेंटमध्ये मुक्काम, कारण सूर्योदयाचा रील हवा. पंचविशीतल्या, रोज धावणाऱ्या जवानाला सैन्य ज्या उंचीवर सहा दिवस थांबवतं, तिथे ९५ किलोचे, खुर्चीत बसून काम करणारे आपले काका एका रात्रीत पुढे जातात. लडाख प्रशासन पर्यटकांना पहिले ४८ तास विश्रांतीचा सल्ला देतं. ते कमीत कमी आहे, पॅकेजवाल्याशी घासाघीस करायची गोष्ट नाही.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी एक साधी निवड बराच फरक पाडते. मनालीहून गेलात तर पहिला मुक्काम अनेकदा सरचूला पडतो, तोही साधारण ४३०० मीटर. बायकर ग्रुपमधले बहुतेक 'रात्रभर झोपलोच नाही' किस्से इथले असतात. श्रीनगरहून गेलात तर पहिली रात्र कारगिलला निघते, जे २७०० मीटरच्या आसपास आहे, आणि मग लेह. मधल्या खिंडी उंच आहेत, पण खिंड ओलांडणं वेगळं आणि तिथे झोपणं वेगळं. वजन जास्त असेल तर जाताना श्रीनगर आणि येताना मनाली, हा क्रम डोळे मिटून धरा.

केदारनाथचा प्रश्न वेगळा आहे

लेहला लोक फिरायला जातात, केदारनाथला श्रद्धेने जातात, आणि श्रद्धेने निघालेला माणूस अर्ध्या वाटेतून मागे फिरत नाही. गौरीकुंड साधारण १९८० मीटरवर आहे, मंदिर ३५८३ मीटरवर. सोळा किलोमीटरच्या आसपास चाल आणि एका दिवसात १६०० मीटर चढाई. म्हणजे पायथ्यापासून सिंहगड दोनदा चढून वर आणखी थोडं, तेही हवा विरळ होत जाताना. पालखीत बसलं की पाय वाचतात, हवा तीच राहते.

२०२२ च्या हंगामात चारधाम यात्रेत दोनशेहून अधिक भाविकांचे मृत्यू झाले आणि त्यात हृदयविकाराचं प्रमाण मोठं होतं. त्यांचं खापर वजनावर फोडता येणार नाही. पण बीपी, शुगर, हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या ही मंडळी वजनाच्या सोबतच घरात शिरतात. थंडीने रक्तवाहिन्या आवळतात, चढाने हृदयाची मागणी वाढते, हवेने पुरवठा घटतो, आणि वर उपवास असतो. गोळ्या 'देवाच्या दारी कशाला' म्हणून पिशवीतच राहतात.

हेलिकॉप्टरचं तिकीट काढताना मात्र वजन विचारतात, आणि ठरावीक किलोच्या वर जादा पैसेही लागतात. ते तुमच्या काळजीपोटी नाही. विरळ हवेत पंख्यालाही उचल कमी मिळते आणि इंजिनाचाही दम जातो. म्हणजे यंत्राला जे कळतं ते आपण स्वतःबद्दल मानायला तयार नसतो. शिवाय हेलिकॉप्टर दहा मिनिटांत वर सोडतं, सवय व्हायला वेळच देत नाही. दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली येणाऱ्यांना एएमएसचा त्रास कमी, कारण तो सुरू व्हायच्या आत ते उतरलेले असतात. वर मुक्काम करणाऱ्यांनी ही सूट गृहीत धरू नये.

जायच्या आधी

सगळ्यात पहिलं काम, घरच्यांना विचारा: मी घोरतो का? घोरता घोरता मध्येच शांत होऊन गुदमरल्यासारखा उठतो का? उत्तर हो असेल आणि दिवसा सिग्नलला डुलकी लागत असेल, तर छातीच्या किंवा झोपेच्या डॉक्टरांकडे जाऊन स्लीप स्टडी करून घ्या. ज्यांच्याकडे सीपॅप मशीन आधीच आहे त्यांनी ते सोबत न्यायचं, 'आठ दिवसांचा तर प्रश्न आहे' म्हणून घरी ठेवायचं नाही. बुकिंगच्या वेळीच विचारा की रात्रभर वीज असते का. बऱ्याच टेंट कॅम्पमध्ये जनरेटर रात्री बंद करतात.

बीपी, शुगर, थोडं चालल्यावर छातीत दाटणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना नुसतं 'ट्रिपला जातोय' सांगू नका. उंची सांगा. '३५०० मीटरवर झोपणार आहे' म्हटलं की त्यांचे प्रश्न बदलतात.

वजन कमी करायचं असेल तर काही महिने आधी सुरुवात करा. थोडं उतरलं तरी घोरणं आणि बीपी दोन्हींत फरक पडतो. निघायच्या पंधरा दिवस आधी क्रॅश डाएट करून अशक्त होऊन जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. वजन कमी करायची इंजेक्शनं चालू असतील तर तेही डॉक्टरांशी बोला. त्यांच्यामुळे मळमळ होते, एएमएसनेही मळमळ होते, आणि वर गेल्यावर कोणती कशामुळे हे ओळखणं अवघड जातं.

डायमॉक्सबद्दल सगळ्यांना विचारायचं असतं. या गोळीतलं ॲसिटाझोलामाइड मूत्रपिंडांच्या त्याच कामाला वेग देतं जे आपण वर पाहिलं, त्यामुळे श्वास वाढतो आणि रात्रीचे हेलकावेही कमी होतात. प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा-कोल्ड्रिंक बेचव लागतं. सल्फाची ॲलर्जी किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना सांगा. ग्रुपमधल्या मित्राच्या पाकिटातून काढून घ्यायची ही गोळी नाही. ती घेतली म्हणून दुसऱ्या दिवशी खारदुंग ला करायची मुभाही मिळत नाही.

गेल्यावर

३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. लेहला पहिले दोन दिवस नुसतं बसा. कंटाळा येईल, येऊ द्या. जेवण रात्री हलकं. उशी-ब्लँकेटं लावून पाठ आणि डोकं उंच ठेवून झोपा, म्हणजे पोट छातीवर येत नाही. जास्त वजन असलेल्यांना या एका गोष्टीने आराम पडू शकतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही श्वास मंदावतात, आणि रात्रीचा श्वास हीच तर आपली दुखरी नस आहे.

कोविडमुळे ऑक्सिमीटर घरोघरी आहे आणि ९४ च्या खाली गेलं की धावपळ, हे डोक्यात बसलंय. लेहला तो आकडा विसरा. पहिल्या दिवशी ८८ दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, आणि ९२ दिसलं म्हणून डोकेदुखीकडे काणाडोळा करू नका. यंत्रापेक्षा माणसाकडे बघा. डोकेदुखी, मळमळ असेल तर आणखी वर जायचं नाही, एवढा नियम पाळला तरी बरंच निभावतं.

खरी धोक्याची खूण वेगळी असते. बसल्या जागी दम लागतोय, खोकला येतोय, आडवं झाल्यावर वाढतोय, ओठ निळसर दिसतायत: फुप्फुसात पाणी भरत असू शकतं, आणि हे बहुतेकदा पहिल्या दिवशी नाही तर दुसऱ्या ते चौथ्या रात्रीत होतं. माणूस असंबद्ध बोलतोय, सरळ रेषेत चालता येत नाहीये: मेंदूला सूज येत असू शकते. जास्त वजनाच्या माणसाच्या बाबतीत इथे एक सापळा आहे. त्याला दम लागलेला बघायची सगळ्यांना सवय असते. 'त्याला जिन्यावरही लागतो' म्हणून सोबतचे दुर्लक्ष करतात. म्हणून निघण्याआधीच ठरवून घ्या की याचा नेहमीचा दम कसा असतो. त्यापेक्षा वेगळं काही दिसलं, विशेषतः बसून असताना, तर ऑक्सिजन लावा आणि त्याच रात्री खाली आणा. सकाळची वाट बघू नका. चालता येतंय तोवर उतरवणं सोपं असतं. शंभर किलोच्या माणसाला स्ट्रेचरवर घालून अंधारात डोंगर उतरवायला किती जण लागतात, याचा विचार तेव्हा सुचून उपयोग नसतो.

आणि कैलासच्या त्या अटीचं

उंचीवर राहून वजन कमी होतं, हेही तुम्ही ऐकलं असेल. ते खोटं नाही. जर्मनीतल्या झुगश्पिट्झं पर्वतावर २६५० मीटरच्या संशोधन केंद्रात २० लठ्ठ पुरुषांना एक आठवडा ठेवलं, मुद्दाम व्यायाम न देता, हवं तेवढं खाऊ देऊन. त्यांचं वजन सरासरी दीड किलोने उतरलं, मुख्यतः भूक कमी झाल्यामुळे. २०१० मध्ये हा अभ्यास छापून आला. पण ते केंद्र लेहपेक्षा साडेआठशे मीटर खाली होतं आणि माणसं डॉक्टरांच्या नजरेखाली होती. 'जाऊ, तिथेच बारीक होऊ' या योजनेला त्याचा आधार घेऊ नका.

कैलास यात्रेत बीएमआय हा फक्त पहिला दरवाजा असतो. दिल्लीत रक्त, हृदय, फुप्फुसं अशा तपासण्या होतात. त्यात पास झालेल्या, २५ च्या आत असलेल्या यात्रेकरूंनाही लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला थांबवतात. तिथे ३००० मीटरच्या वर काही काळ राहिल्यावर दुसरी वैद्यकीय तपासणी होते. उंचीने शरीराचं काय केलंय ते तिथे बघतात, आणि डॉक्टर नाही म्हणाले तर यात्रा गुंजीलाच संपते. लेहला हे 'नाही' म्हणणारं कोणी नसतं, पहिल्या दोन दिवसांनंतर ते आपलं आपल्यालाच म्हणावं लागतं.